सेवेची दवंडी

समाजसेवेचा इतिहास लिहिताना आपण संस्था मोजतो, संस्थापकांच्या जयंत्या लक्षात ठेवतो, इमारतींच्या पायाभरणीची वर्षे नोंदवतो. पण त्या संस्थेची बातमी लोकांपर्यंत कशी पोचली, पहिली वर्गणी देणाऱ्याला तिचे नाव कोणी सांगितले आणि ज्याला मदतीची गरज होती त्याला ती कुठे मिळते हे कसे कळले, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही. आज गल्लीतल्या आठ-दहा तरुणांचा गटसुद्धा कामाला लागण्याआधी व्हॉट्सॲपचा गट आणि फेसबुकचे पान उघडतो. त्यामुळे सेवाकार्याची जाहिरात हे आपल्याच काळाचे खूळ आहे, असे अनेकांना वाटते. जुनी पत्रके, वार्षिक अहवाल आणि आत्मचरित्रे वाचताना मला मात्र वेगळे दिसत गेले. साधन नवे असले तरी पेच जुनाच आहे: मदत मागायची तर दुःख दाखवावे लागते, आणि दुःख दाखवले की ज्याचे ते आहे त्याची अब्रू पणाला लागते. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी हा पेच गेली दीडशे वर्षे कसा हाताळला, त्याचा हा धांडोळा.

भिंतीवरचे गुपित

सुरुवात पुण्यातल्या भिंतींपासून करावी लागते. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्या नवजात बाळाचा जीव घेतला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यानंतर लगेच, १८६३मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवेने तिथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवायचे की न्यायचे ते स्वतः ठरवावे, अशी सोय होती. पण जी गोष्ट गुप्त राहायला हवी, ती गरजूला कळवायची कशी? जोतीरावांनी छापील पत्रके काढली आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर ती चिकटवली.

महाराष्ट्रातल्या सेवाकार्याच्या जाहिरातीचा याहून धीट नमुना मला माहीत नाही. या पत्रकाचा वाचक देणगीदार नव्हता. ज्या वाड्यांत ही दुःखे दडपली जात होती, त्याच वाड्यांच्या भिंतीवर पत्रक लागले. दाराआडून येता-जाता ते वाचणाऱ्या बाईला आपण ते वाचले हेही कुणाला कळू द्यायचे नव्हते. संस्थेचा पत्ता उघड, येणारीचे नाव झाकलेले. १८८४मध्ये लिहिलेल्या एका टिपणात जोतीरावांनी तोवर ३५ विधवा तिथे आल्याचे नमूद केले आहे. आकडा दिला, नावे दिली नाहीत. जाहिरात आणि अब्रू यांचा मेळ घालण्याची ही पहिली रीत.

देणगीदाराला उद्देशून आवाहन करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तेही केले. १८७६-७७च्या दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला आणि मे १८७७मध्ये उपाशी मुलांसाठी मदतीचे आवाहन प्रसिद्ध झाले. त्याच दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे पाठवली, पिके, भाव, मजुरी, स्थलांतर यांची माहिती गोळा केली आणि ती क्रमाने छापून सरकारपुढे व वृत्तपत्रांपुढे ठेवली. आक्रोशापेक्षा तपशील अधिक काम करतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते. याच दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून छायाचित्रे काढली. ती गाजली, आणि छायाचित्र काढणाऱ्याने पुढे या माणसांसाठी काय केले, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर कायमचा चिकटला.

दोन वाचक, दोन भाषा

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला या पेचाची दुसरी बाजू आली. त्या १८८६मध्ये अमेरिकेत गेल्या, भाषणे देत फिरल्या आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे खर्च उचलण्याची हमी दिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले.

पैसा देणारा वाचक अमेरिकेत होता आणि मुली पाठवणारा वाचक पुण्यात. अमेरिकेतल्या वाचकाला ख्रिस्ती भावनेची भाषा जवळची, तर पुण्यातल्या पालकाला धर्मांतर होणार नाही याचे आश्वासन हवे. समुद्र मध्ये होता तोवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदल्या. पण परदेशी ख्रिस्ती नियतकालिकांतला मजकूर पुण्यात पोचू लागला, 'केसरी'ने टीकेची धार वाढवली आणि १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या कामाची थोरवी या प्रकरणाने कमी होत नाही. पण देणगीदारासाठी लिहिलेला मजकूर एक ना एक दिवस ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या घरी पोचतोच, हे या प्रकरणाने दाखवून दिले. तेव्हा त्याला महिने किंवा वर्षे लागत.

हा धडा धोंडो केशव कर्वे यांच्या नजरेतून सुटलेला दिसत नाही. १८९३मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि त्याच वर्षअखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. दोन वर्षांत तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. उत्तेजन देणे वेगळे आणि अडथळे दूर करणे वेगळे. नावातला हा बदल म्हणजे मवाळ माणसालाही दारात येता यावे म्हणून केलेली सोय होती. १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली तेव्हा तर त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. आश्रम शिक्षणासाठी, एवढेच लोकांना सांगितले आणि तेवढेच पाळले.

मूठ, पैसा आणि हिशेब

प्रसिद्धीचा हेतू शेवटी वर्गणी हाच असे. पण ती कुणाकडून मागायची? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या निधीतून १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. हे काम उद्योगाचे, दानधर्माचे नव्हे. पण लहान देणगीत मोठा प्रचार दडलेला असतो, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. एक पैसा देणारा माणूस त्या कामाची चार जणांत चर्चा करतो, कारण आता ते त्याचेही काम असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेची मुष्टिफंड योजना याच जातकुळीतली. रोजच्या दळणकांडणातून गृहिणीने मूठभर धान्य बोर्डिंगातल्या मुलांसाठी बाजूला काढायचे. ज्या घरात रोज मूठ निघते, त्या घराला संस्थेची आठवण करून द्यावी लागत नाही.

आश्रमासाठी वणवण करणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. त्या कर्व्यांच्या मेहुणी. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या, आश्रमातच शिकून तयार झालेल्या. गावोगाव भाषणे देऊन त्यांनी आश्रमासाठी निधी जमवला. १९१८मध्ये इंग्रजीचा गंध नसताना त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. 'माझी कहाणी' या १९२८मधल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे सांगितले आहे. त्यांची जाहिरात म्हणजे त्या स्वतःच होत्या. दुसऱ्या विधवेचे दुःख व्यासपीठावर मांडण्याऐवजी त्यांनी आपली कहाणी सांगितली. ती सांगण्याचा अधिकार त्यांचा होता.

आणि या सगळ्याच्या तळाशी होता वार्षिक अहवाल. आज कुणी वाचत नाही अशा त्या बारीक टायपातल्या पुस्तिका. किती आले, किती गेले, शिल्लक किती; आठ आणे देणाऱ्याचेही नाव छापलेले. देणाऱ्याचे नाव ठळक आणि घेणाऱ्याची फक्त संख्या, हा त्या अहवालांचा अलिखित संकेत मला फार बोलका वाटतो.

आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांची रीत आणखी वेगळी. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गावाने त्यांना आधी खराटा हातात घेतलेले पाहिलेले असे, म्हणून रात्रीचा शब्द पोकळ वाटत नसे. या क्रमामुळे त्यांच्या कीर्तनाला प्रसिद्धीचे सामर्थ्य आले आणि पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. काम आधी, बोलणे नंतर. आजच्या भाषेत सांगायचे तर मजकूर तयार करण्यासाठी त्यांनी कधी झाडलोट केली नाही.

छापील शब्दाचे बळ पुढेही टिकले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. 'लोकसत्ता'ने २०११पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून दरवर्षी निवडक संस्थांची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडे वाचकांच्या धनादेशांचा ओघ लागला. या दोन्ही उदाहरणांत कार्यकर्ता आणि वाचक यांच्या मध्ये एक चाळणी होती. कुणीतरी जाऊन पाहिले, विचारले, पारखले आणि मग लिहिले.

एकच भिंत

समाजमाध्यमांनी ही चाळणी काढून टाकली. याचा फायदा निर्विवाद आहे. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला तेव्हा मदतीचे संदेश तासाभरात राज्यभर फिरले. २०२१च्या उन्हाळ्यात ऑक्सिजन आणि खाटांसाठी धडपडणाऱ्या घरांना अनोळखी स्वयंसेवकांनी आधार दिला. त्यांनी एक नवी शिस्तही घडवली. प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करायची आणि संदेशात खात्रीची वेळ लिहायची. जुन्या पत्रकाला जशी तारीख असे, तशीच ही वेळ. वेळ नसलेला संदेश गरज संपल्यावरही आठवडेच्या आठवडे भटकत राहतो. २०१६मध्ये आलेल्या यूपीआयमुळे पैसा फंडाची कल्पनाही पुन्हा शक्य झाली. दहा रुपयांची वर्गणी गोळा करायला आता पावतीपुस्तक घेऊन फिरावे लागत नाही.

पण ज्या नळातून मदत येते त्यातूनच विषही येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. भिक्षेवर जगणाऱ्या त्या माणसांचा जीव मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. सेवेचे आवाहन करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवायला हवी, कारण खात्री न करता पुढे ढकलण्याची सवय चांगल्या संदेशांनीही लागते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. जोतीरावांचे पत्रक गरजूच्या भिंतीवर होते, रमाबाईंचे पुस्तक देणगीदाराच्या टेबलावर. आता भिंत एकच आहे. माझ्या परिचयाचा एक गट उपनगरातल्या वस्तीत शालेय साहित्य वाटतो. एका जूनमध्ये त्यांनी दप्तर घेणाऱ्या मुलीचे छायाचित्र टाकले. छायाचित्र सुंदर होते, त्याला भरभरून दाद मिळाली. चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले. रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, "वर्गातल्या पोरी तिला फुकटचं दप्तर म्हणून चिडवतात. दप्तर परत घ्या, पण तो फोटो काढा." फोटो काढला, दप्तर परत घेतले नाही. पण तोवर तो फोटो कुठे कुठे पोचला होता, हे कुणालाच सांगता येत नव्हते. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात राजस्थान सरकारला अन्नवाटपाची छायाचित्रे काढण्यावर बंदी घालावी लागली, तीही याच कारणाने.

त्या गटाच्या पुढच्या बैठकीत बराच वाद झाला. चेहरा नसेल तर लोक थांबत नाहीत, असे तरुणांचे म्हणणे. त्यात तथ्य होते. मला तिथे जुन्या अहवालांची आठवण झाली आणि मी काही पाने त्यांना दाखवली. आता ते वह्यांच्या गठ्ठ्यांचे, कव्हरे घालणाऱ्या स्वयंसेवकांचे छायाचित्र टाकतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च टाकतात, त्यात अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव असते. वाटप कधी आणि कुठे आहे, हे मात्र ते वस्तीतल्या पालकांच्या वेगळ्या गटावरच कळवतात. एका भिंतीच्या त्यांनी पुन्हा दोन भिंती केल्या. पसंतीचे अंगठे कमी झाले. नियमित वर्गणीदार मात्र टिकून आहेत.

दीडशे वर्षांच्या या धांडोळ्यातून मला कुठलाही सुवर्णकाळ सापडला नाही. तेव्हाही चुकीचा मजकूर चुकीच्या हाती पडला, तेव्हाही दुःखाची छायाचित्रे विकली गेली. पण जी कामे टिकली, त्यांनी दवंडी पिटताना एक भेद पाळलेला दिसतो: काम आणि हिशेब चव्हाट्यावर, माणसाचे दुःख त्याच्या घरात. १८६३मध्ये पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर पत्रक चिकटवणाऱ्याला हा भेद कळला होता. ते पत्रक शहराने वाचले. पण त्या दारातून आत कोण गेली, हे त्या भिंतींना कळले नाही.