तळटीप १७ : ट्रेलरमधला शिधा
१७. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे फिरते घर. सरहद्दीवर त्यातला फ्रिज आणि फडताळही सामानातच धरतात. म्हणून कॅनडातून अमेरिकेत शिरताना आतला सगळा शिधा अधिकाऱ्याला सांगावा लागतो. अमळनेरहून आलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे शिजवून वाळवलेले पापड, सहसा अडत नाहीत. ताजी लिंबे आणि आंबे मात्र काढून घेतात. लेखिकेला यात अपमान दिसतो, पण नियमाचा रोख माणसावर नसून ताज्या फळातून जिवंत प्रवास करणाऱ्या किडीवर आहे. शिजवून खडखडीत वाळवलेल्या पदार्थात ती तगणे कठीण. चार लिंबांनी काय बिघडणार, हा आक्षेपही टिकत नाही. मूळची अमेरिका खंडातली एक लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम नोंदली गेली आणि लवकरच महाराष्ट्रातल्या मक्यावर पसरली. एकदा शिरलेली कीड परत धाडता येत नाही, तिचा भार शेतकरी वाहतो. शिवाय प्रामाणिकपणे सांगितलेली निषिद्ध वस्तू केवळ जप्त होते. न सांगितल्यास दंड होतो आणि तो १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. — संपादक