कोपऱ्यावरचें दुकान आणि कोझ्मो

व्यापाराच्या इतिहासांत मोठ्या पेढ्यांनीं लहान दुकानदारांस बुडविल्याच्या कथा पुष्कळ सांपडतात. मोठी पेढी बुडून लहान दुकानदार मागें राहिल्याची कथा लिहिण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं. न्यूयॉर्कच्या कोझ्मो कंपनीची कथा या दुसऱ्या जातीची आहे.

ही कंपनी दोघा तरुणांनीं १९९८ सालीं काढिली. ग्राहकानें इंटरनेटवरून मागणी करावी, आणि तासाभरांत सायकलस्वारानें आइस्क्रीमचा डबा किंवा भाड्याचा चित्रपट दारीं आणून द्यावा, अशी योजना होती. पोंचविण्याबद्दल आकार नाहीं! सुमारें २५ कोटी डॉलर भांडवल तींत ओतलें गेलें. एप्रिल २००१ मध्यें कंपनी बंद पडली.

इंटरनेट-कंपन्यांच्या शेअरांचा फुगा २००० सालीं फुटला, म्हणून ती बुडाली, असें सर्रास म्हणतात. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. फुगा फुटल्यानें नवा पैसा यावयाचा थांबला हें खरें; परंतु नवा पैसा सतत लागतच कां होता? डब्यामागें सुटणारा नफा स्वाराच्या मजुरीसहि पुरत नसे. मागणी वाढे तसा तोटा वाढे. उलट, 'बोदेगा' म्हणून ओळखलें जाणारें तेथील कोपऱ्यावरचें दुकान पाहावें. बहुतेक गिऱ्हाइकें आपल्याच पायांनीं येतात. म्हणजे माल पोंचविण्याचें काम गिऱ्हाईकच फुकट करतें. एखाद्या म्हातारीस जिने चढून दूध द्यावयाचें झालें, तर दुकानांतला पोरगा रिकाम्या वेळीं जाऊन येतो, आणि त्याचा पगार तर आधींच चालू असतो. ओळखीच्या माणसास उधारी मिळते. परगांवीं जातांना शेजारी किल्लीहि तेथेंच ठेवतात. जाहिरातीवर दमडी खर्च होत नाहीं. ही सारी व्यवस्था हिशेबाच्या वहींत भांडवल म्हणून दिसत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, भांडवलदारांच्या ती ध्यानांत आली नाहीं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत वेबव्हॅन कंपनीनें १९९९ सालीं ओकलंडच्या प्रचंड वखारींतून घरोघर किराणा पोंचविण्यास आरंभ केला. तीहि जुलै २००१ मध्यें दिवाळखोर ठरली. तिची अडचण थोडी निराळी होती. वखार एक, आणि घरें दूरदूर पसरलेलीं.

आमच्या वाचकांस एव्हांना आपला वाणी आठवला असेल. मुंबईंत २०२१ पासून झेप्टोसारख्या कंपन्यांनीं त्याच्याशीं स्पर्धा मांडली, आणि तिची झळ त्यास लागली आहे. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु या कंपन्या एका मोठ्या वखारीवर विसंबल्या नाहींत. लहान मागणीवर त्यांनीं आकार बसविला, आणि वस्त्यावस्त्यांतून लहान कोठारें थाटलीं, तींहि वाण्याच्या दुकानापासून फार दूर नव्हेत.