पदवी इथली, नोंद तिथली : डॉक्टरांच्या परवान्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी आगाशीच्याच एका मावशींनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "माझा भाचा इथं एम.बी.बी.एस. झाला, इस्पितळात रात्रपाळ्या केल्या. आता अमेरिकेत परत परीक्षा देत बसलाय. तिकडच्या माणसांचं पोट काय वेगळ्या जागी असतं?" आजूबाजूचे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज त्याचंच उत्तर आपण इतिहासात शोधू.

आपलं आगाशी हे जुनं बंदर. इथं जहाजं बांधली जात. 1534 मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो परत घेतला. तेव्हा समुद्रापलीकडे जाणं-येणं आपल्याला नवं नाही. इथली सुकेळी बाहेर जातात, विड्याची पानं जातात, तशी माणसंही जातात. माल नाक्यावर तपासला जातो हे आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टरांसाठी असा नाका कधी बसला आणि त्यावर कोण बसलं, हा आजचा विषय.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. त्या मूळच्या कल्याणच्या, म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या. 1886 च्या मार्चमध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. 1887 च्या फेब्रुवारीत त्या वारल्या, त्यामुळे ते काम हातून झालं नाही, ही हळहळ आपल्या सर्वांना आहेच. पण एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. अमेरिकेची पदवी चालेल का, असं विचारणारी नोंदणी परिषद तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतीच. डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा इथं आला 1912 मध्ये. पदवी आणि नेमणूक करणाऱ्याचा विश्वास, एवढ्यावर तेव्हा काम भागत होतं.

इंग्लंडात मात्र नाका आधीच बसला होता. 1858 च्या कायद्यानं तिथं जनरल मेडिकल कौन्सिल आली आणि डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. हेतू चांगला होता. शिकलेला कोण आणि भोंदू कोण, हे रुग्णाला कळावं. पण वही आली की वहीत कुणाचं नाव घालायचं हा प्रश्नही आला. आपल्या रखमाबाई 1889 मध्ये लंडनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. ती शाळा शिकवायची, पदवी द्यायचा अधिकार तिला नव्हता. म्हणून रखमाबाईंनी परीक्षा दिली स्कॉटलंडच्या वैद्यक संस्थांची, आणि एम.डी. घेतली बेल्जियमला, ब्रुसेल्समध्ये. शिक्षण एका गावी, परीक्षा दुसऱ्या, पदवी तिसऱ्या! मग त्या सुरतेला आल्या आणि पुढे अनेक वर्षं डॉक्टरकी केली.

आता मुंबईच्या पदव्यांकडे येऊ. ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं 1845 मध्ये. इंग्लंडच्या वहीत हिंदी विद्यापीठांच्या पदव्यांना जागा मिळाली 1892 मध्ये. पुढे लंडनचं कौन्सिल तक्रार करू लागलं की इथल्या विद्यार्थ्यांना बाळंतपणाचं प्रत्यक्ष शिक्षण पुरेसं मिळत नाही. तक्रारीत काही तथ्य नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. पण तपासणी कुणी करायची, लंडननं की आपण, यावर वाद पेटला आणि 1930 मध्ये कौन्सिलनं ही मान्यता काढून घेतली. म्हणजे बघा, तेच कॉलेज, तेच प्रोफेसर, तेच वॉर्ड. 1929 मध्ये पास झालेल्याचं नाव तिकडच्या वहीत चढायचं, 1931 मध्ये पास झालेल्याचं नाही. त्या पोराच्या हाताला दोन वर्षांत काय झालं होतं? काहीच नाही. बदलले होते ते दोन संस्थांमधले संबंध. यातूनच 1933 चा कायदा होऊन आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली, आणि 1936 मध्ये मान्यता परत मिळाली.

हे फक्त इंग्रजच करत होते असं नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी 1842 मध्ये वैद्यकीय शाळा काढली. तिथले डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत पाठवले जात, तापाच्या प्रदेशांत राबत. पण खुद्द पोर्तुगालमध्ये दवाखाना थाटायचा म्हटलं की तिथं पुन्हा परीक्षा. एकाच राज्याचे प्रजाजन, एकाच राज्याची शाळा, तरी वसाहतीत चालणारा डॉक्टर राजधानीत चालत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. ब्रिटनमध्ये 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली आणि डॉक्टर कमी पडू लागले. तेव्हा आपली एम.बी.बी.एस. चालत होती, आणि हजारो हिंदी डॉक्टर गेले. अनेकांच्या वाट्याला आले ते गोऱ्या डॉक्टरांना नको असलेले विभाग, वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे. मग 1975 मध्ये तिथल्या कौन्सिलनं आपल्या पदव्यांची मान्यता पुन्हा काढली आणि भाषेची व वैद्यकज्ञानाची परीक्षा लावली. अमेरिकेतही तसंच. परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था तिथं 1956 मध्ये निघाली, 1965 च्या कायद्यानं दार सताड उघडलं, 1976 च्या कायद्यानं ते बरंचसं लोटून घेतलं. तिथं परीक्षा पास होऊनही भागत नाही. इथं कितीही वर्षांचा अनुभव असला तरी इस्पितळात उमेदवारीची वर्षं सहसा पुन्हा काढावी लागतात. मावशी, तुमचा भाचा बसलाय तो याच नाक्यावर.

आता तुम्ही म्हणाल, परके ते परकेच. थांबा. आपण काय करतो? रशिया, युक्रेन, जॉर्जियाला शिकून आलेल्या आपल्याच मुलांना 2002 पासून इथं परीक्षा द्यावी लागते. तीनशे गुणांपैकी दीडशे हवेत, आणि बहुतेक खेपांना पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. 2022 मध्ये युद्धामुळं युक्रेनमधून परतलेली मुलं तर शिक्षणाच्या मधल्या पायरीवरच अडकली. त्यांतल्या अनेकांच्या घरी जमिनीवर कर्ज काढलेलं होतं.

मग नाका नकोच का? आमचं तसं म्हणणं नाही. केळ्याचा घड आपण हाताळून घेतो, डॉक्टरचं ज्ञान रुग्णाला हाताळून बघता येत नाही. कुणीतरी तपासायलाच हवं. पण सगळा इतिहास पाहिल्यावर आम्हाला एवढं दिसतं की नाक्यावर दोन गोष्टी एकत्र तपासल्या जातात. एक, या माणसाला येतं का. दुसरी, आम्हाला सध्या याची गरज आहे का. पहिलीचं नाव उघड घेतात, दुसरीचं घेत नाहीत. डॉक्टर कमी पडले की परीक्षा सोपी होते, पुरेसे झाले की गुणवत्तेची काळजी वाटू लागते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं 2023 मध्ये अनुभवी परदेशी डॉक्टरांना उमेदवारी पुन्हा न करता देखरेखीखाली काम करू देण्याचा कायदा केला, तोही तुटवडा जाणवू लागल्यावरच.

म्हणून मावशींना आमचं उत्तर असं. पोट तिकडंही त्याच जागी असतं. भाचा पुन्हा परीक्षा देतोय यात त्याची लाज काही नाही, रखमाबाईंनीही तीन ठिकाणी दारं ठोठावली होती. पण ज्यांची मुलं आता बाहेर निघायची आहेत त्यांनी कॉलेजची फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : या पदवीवर नाव कुठल्या वहीत चढतं? आणि परत आल्यावर आपल्या वहीत चढेल का? हे एजंट आपण होऊन सांगत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.