रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर : हृदयक्रिया बंद पडल्यावरील तातडीच्या उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा, शोधकर्त्यांचा आणि रुग्णालयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी घरात, रस्त्यावर किंवा कचेरीत काय घडत होते, याकडे त्यामानाने कमी लक्ष दिले जाते. हृदयक्रिया अकस्मात बंद पडण्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण ही घटना मोठ्या प्रमाणात रुग्णालयाबाहेरच घडते.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होणे म्हणजे हृदयविकाराचा झटका. हृदयाचे रक्त पुढे ढकलण्याचे कार्यच थांबणे म्हणजे हृदयक्रिया बंद पडणे. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. परंतु दोन्ही एक नव्हेत. दुसऱ्या अवस्थेत अनेकदा हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा केवळ अनियमित थरथराट चालू असतो. विजेच्या धक्क्याने तो थांबवून हृदयाची लय पूर्ववत होण्यास वाव देणाऱ्या यंत्रास डिफिब्रिलेटर म्हणतात. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवले नाही, तर विजेच्या धक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक जगण्याची शक्यता साधारणतः ७ ते १० टक्क्यांनी घटते.

या उपचारांना आवश्यक असलेले मूलभूत ज्ञान १९६२ पर्यंत उपलब्ध झाले होते. ते रुग्णापर्यंत पोहोचण्यास मात्र अनेक दशके लागली. हा विलंब मुख्यतः यंत्रांचा नसून अधिकाराचा होता, म्हणजे उपचार कोणी करावा या प्रश्नाचा होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ज्ञानाची पूर्वपीठिका

बुडालेल्या माणसांना वाचविण्यासाठी १७६७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एक संस्था स्थापन झाली. घटनास्थळीच सामान्य माणसाने प्रयत्न करावा, हा विचार तेव्हापासूनचा आहे. तथापि हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शल्यगृहापुरतीच राहिली. १९४७ मध्ये क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी एका १४ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयास विजेचा धक्का देऊन त्याला वाचविले. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता असा धक्का देता येतो, हे दाखविले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स एलाम आणि पीटर साफार यांच्या प्रयोगांनी तोंडाने श्वास देण्याची उपयुक्तता सिद्ध केली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तीही हे काम करू शकतात, हेही साफार यांनी दाखवून दिले. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देण्याच्या पद्धतीवरील लेख प्रसिद्ध केला. यांपैकी कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते, ही बाब लक्षणीय आहे. या उपचाराचा आरंभ कोणीही, कोठेही करू शकतो व त्यासाठी दोन हात पुरेसे आहेत, असा त्या लेखाचा आशय होता. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी एकदिश प्रवाहाचा डिफिब्रिलेटर पुढे आणला.

असे असूनही उपचारांचा पहिला विस्तार रुग्णालयाच्या आतच झाला. १९६१ मध्ये एडिंबरो येथील डेस्मंड ज्युलियन यांनी हृदयरुग्णांसाठी अखंड देखरेखीच्या स्वतंत्र कक्षाची कल्पना मांडली. अशा कक्षांत पुढे परिचारिकांनाही विजेचा धक्का देण्याची मुभा मिळाली. अधिकाराचे हे पहिले हस्तांतर होय. परंतु त्या कक्षाचा लाभ होण्यासाठी रुग्णाने तेथपर्यंत जिवंत पोहोचणे आवश्यक होते.

बेलफास्ट : डॉक्टर रुग्णाकडे जातो

हीच त्रुटी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातील फ्रँक पॅंट्रिज यांनी हेरली. दुसऱ्या महायुद्धात ते सिंगापूर येथे जपान्यांचे युद्धकैदी झाले होते आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावरील श्रमछावण्यांतून वाचून परतले होते. तरुण व मध्यमवयीन पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू पहिल्या तासातच होतात, याकडे त्यांचे सहकारी जॉन गेडिस यांचे लक्ष गेले. रुग्ण कक्षापर्यंत पोहोचत नसेल, तर कक्षच रुग्णापर्यंत नेला पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघाला.

जानेवारी १९६६ मध्ये त्यांची फिरती हृदयोपचार रुग्णवाहिका सुरू झाली. मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा त्यांचा पहिला डिफिब्रिलेटर सुमारे ७० किलो वजनाचा होता. १९६८ पर्यंत हे वजन सुमारे ३ किलोपर्यंत खाली आले. ऑगस्ट १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी १५ महिन्यांतील ३१२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वाहतुकीदरम्यान एकही मृत्यू झाला नव्हता. १० रुग्णांची हृदयक्रिया रुग्णालयाबाहेर बंद पडली होती. त्या सर्वांची हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्यात आली आणि त्यांपैकी ५ जण पुढे बरे होऊन घरी गेले.

या पाच जणांनी हृदयोपचारांचे भौगोलिक क्षेत्रच बदलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पॅंट्रिज यांच्या कल्पनेचा स्वीकार अमेरिकेत त्वरेने झाला. ब्रिटनमध्ये मात्र खर्च व उपयुक्तता या दोन्ही मुद्द्यांवर शंका घेतल्या गेल्या. ब्राइटन येथे डग्लस चेंबरलेन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. तरीही पहिल्या फळीतील सर्व रुग्णवाहिकांना डिफिब्रिलेटर पुरविण्याचा सरकारी निर्णय होण्यास १९९० उजाडले.

पिट्सबर्ग : डॉक्टर नसलेल्यांच्या हाती उपचार

बेलफास्टच्या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट होती. प्रत्येक रुग्णवाहिकेसोबत डॉक्टर पाठविणे मोठ्या शहरांना परवडणारे नव्हते. यावरील एक उत्तर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मिळाले. तेथे तातडीच्या रुग्णांना नेण्याचे काम पोलिसांच्या गाड्यांकडे होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले. घटनास्थळी एका परिचारिकेने त्यांच्यावर उपचार सुरू केले. परंतु रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात योग्य उपचार चालू राहू शकले नाहीत. हृदयक्रिया पुन्हा सुरू झाली, पण मेंदूची अपरिमित हानी झाली आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या मान्यवर व्यक्तीची ही स्थिती, तर सामान्यांचे काय, हा प्रश्न त्यांच्यावर उपचार करणाऱ्या साफार यांच्यापुढे उभा राहिला.

१९६७ मध्ये साफार यांच्या सहकार्याने ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिचे बहुतांश कर्मचारी शहरातील ‘हिल डिस्ट्रिक्ट’ या वस्तीतील कृष्णवर्णीय तरुण होते. त्यांतील अनेकजण बेरोजगार होते आणि काहींचे शालेय शिक्षणही अपुरे होते. सखोल प्रशिक्षणानंतर त्यांनी जे उपचार रस्त्यावर दिले, ते त्या काळी अमेरिकेतील फारच थोड्या ठिकाणी उपलब्ध होते. उपचाराचे कौशल्य पदवीवर वा जन्मावर अवलंबून नसून प्रशिक्षणावर अवलंबून आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झाले. नव्या सेवेत जुन्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना बाजूला सारण्यात आले. तथापि संस्थेच्या वैद्यकीय संचालिका नॅन्सी कॅरोलाइन यांनी तेथील अनुभवावर आधारलेला अभ्यासक्रम अमेरिकेतील पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला. कार्य स्वीकारले गेले, कार्यकर्ते विस्मृतीत गेले. महाराष्ट्रातील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित वाटणार नाही.

सिएटल : नागरिकांचा सहभाग

मार्च १९७० मध्ये सिएटल येथे डॉ. लिओनार्ड कॉब आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन विकरी यांनी ‘मेडिक वन’ ही सेवा सुरू केली. शहरभर विखुरलेली अग्निशमन केंद्रे काही मिनिटांतच घटनास्थळी पोहोचू शकत, ही यामागील साधी पण निर्णायक कल्पना होती. मात्र तीही मिनिटे रुग्णासाठी अधिकच होती. म्हणून १९७२ मध्ये सामान्य नागरिकांना छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण देणारी ‘मेडिक टू’ ही मोहीम हाती घेण्यात आली आणि काही वर्षांतच एक लाखाहून अधिक नागरिक प्रशिक्षित झाले. डॉक्टरांकडून परिचारिकांकडे, तेथून प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे आणि अखेरीस नागरिकांकडे असा अधिकाराचा प्रवास येथे पूर्ण झाला.

महाराष्ट्र व गोवा : अपूर्ण साखळी

भारतात १०८ क्रमांकाची संघटित सेवा २००५ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. गोव्यात ती २००८ मध्ये आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह तिचा आरंभ झाला. गोव्यातील सेवा प्रामुख्याने प्रशिक्षित तंत्रज्ञांवर आधारलेली होती. महाराष्ट्राने रुग्णवाहिकेत डॉक्टर ठेवण्याचा मार्ग निवडला. इतिहासाच्या परिभाषेत बोलायचे तर गोव्याची वाट पिट्सबर्गची आणि महाराष्ट्राची बेलफास्टची ठरते.

दोन्हींकडे सिएटलची पायरी, म्हणजे नागरिकांचे व्यापक प्रशिक्षण, अद्याप गाठायची आहे. मदत करणाऱ्यांच्या मनात कायद्याची भीतीही असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्यांना स्पष्ट संरक्षण मिळाले. परंतु ते मोटार अपघातांपुरते आहे. मैदानावर कोसळलेल्या खेळाडूच्या छातीवर दाब देणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये सद्भावनेने केलेल्या कृत्यास सर्वसाधारण संरक्षण आहे, पण ते सामान्य नागरिकास क्वचितच ठाऊक असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या क्षेत्रातील प्रत्येक टप्प्यावर ज्ञान आधी आले आणि ते वापरण्याची मुभा मागाहून मिळाली. कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ज्या दोन हातांचा उल्लेख केला, ते हात सर्वत्र उपलब्ध होते. उणीव होती ती त्यांच्यावरील विश्वासाची. पॅंट्रिज, साफार आणि कॉब यांचे खरे कार्य हा विश्वास निर्माण करण्याचे होते.

आपल्या महाविद्यालयांचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. क्रीडामहोत्सव, परीक्षा आणि स्नेहसंमेलने यांनिमित्त शेकडो माणसे आपल्या आवारात एकत्र येतात. सर्वाधिक सुसज्ज रुग्णवाहिकेलाही तेथे पोहोचण्यास काही मिनिटे लागणारच. त्या मिनिटांत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरकस दाब देऊ शकणारा कोणी तेथे आहे की नाही, यावर एखाद्याचे जगणे अवलंबून राहू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक शिबिरात हे कौशल्य काही तासांत शिकविता येण्याजोगे आहे. ते शिकणाऱ्यांत विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापक, शिपाई आणि ग्रंथालय कर्मचारी यांचाही समावेश असावा, कारण कोसळणाऱ्या माणसाच्या सर्वांत जवळ कोण उभे असेल, हे आधी सांगता येत नाही.