बुलढाणा जिल्ह्यातील नगरपरिषदा

बुलढाणा जिल्ह्यातील नगरपरिषदा : विदर्भाच्या पश्चिम टोकावरील बुलढाणा जिल्ह्यात शहरांचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या लोकनियुक्त संस्था. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि जळगाव जामोद येथे नगरपरिषदा आहेत. मोताळा व संग्रामपूर येथे नगरपंचायती. म्हणजे तेरा तालुके आणि तेरा शहरी संस्था. कायद्यात ‘नगरपरिषद’ असा शब्द असला तरी बोलण्यात तो क्वचितच येतो. लोक ‘नगरपालिका’ किंवा नुसते ‘पालिका’ म्हणतात, आणि शाळांच्या पाट्यांवर ‘न. प.’ एवढेच पुरते.

जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकांच्या तोंडी पक्के आहेत. पालिकांचा इतिहासही याच रेषेने दुभागला आहे. घाटाखाली पूर्णेचे काळे खोरे, कापूस आणि रेल्वे. तेथील पालिका व्यापाऱ्यांच्या पेठेतून उभ्या राहिल्या. घाटावर रेल्वे आजही नाही. तेथील शहरे कचेऱ्या, देवस्थाने आणि आठवडी बाजार यांच्या आधाराने वाढली आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला पालिका उशिरा आली.

कापसाची पेठ : जिल्ह्यातील शहरी कारभाराची सुरुवात जिल्ह्याच्या ठाण्यात, म्हणजे बुलढाण्यात, झाली नाही, खामगावात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडा कापूस असा तो व्यवहार होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या (पश्चिम विदर्भाच्या) कापसाचे भाव चढले आणि खामगाव वऱ्हाडातील सर्वांत मोठ्या कापूसपेठांपैकी एक बनले. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला. एका बाजारगावासाठी व्हाइसरॉय यावा, एवढे त्या वेळी कापसाचे वजन होते. खामगावची नगरपालिका 1860 च्या दशकातली, याच भरभराटीच्या ऐन काळातली. गाड्यांची रीघ, सरक्यांचे ढीग, जिनिंग कारखान्यांतल्या आगी आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई ही तिच्यापुढची पहिली कामे होती. 1901 च्या जनगणनेत खामगावची वस्ती 18 हजारांवर होती, शेगावची सुमारे 15 हजार आणि बुलढाण्याची जेमतेम 4 हजारांच्या आसपास.

खामगाव तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच. ते अकोला जिल्ह्यात होते. 1905 मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. त्यामुळे जिल्ह्याचे सर्वांत मोठे शहर एकीकडे आणि थंड हवेसाठी निवडलेले जिल्ह्याचे ठाणे दुसरीकडे, अशी रचना कायमची झाली. जिल्ह्याच्या विभाजनाची आणि खामगाव जिल्ह्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते, तिचे मूळ या 1905 च्या जोडणीत आहे.

कापसाच्या बाजाराशी पालिकेचे नाते पुढेही राहिले. 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराची देखरेख समित्यांकडे सोपवली. हिंदुस्थानात नियंत्रित बाजारपेठांसाठी झालेला हा पहिला कायदा. या समित्यांवर पालिकेचे प्रतिनिधी असत, व्यापारी असत. कापूस पिकवणाऱ्याला मात्र तेथे जागा नव्हती.

कायद्याची वाट : वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असले तरी नावाला निजामाचेच होते आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून चाले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. लॉर्ड रिपनने मे 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, पण वऱ्हाडसाठी वेगळा नगरपालिका कायदा व्हायला 1886 उजाडले. सुरुवातीच्या समित्यांत सरकारनियुक्त सभासदांचे वजन होते आणि सूत्रे डेप्युटी कमिशनरच्या हाती होती. निवडून आलेल्यांचे बळ हळूहळू वाढले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. 1922 च्या मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायद्याने पालिकांना बरीच मोकळीक दिली आणि स्वातंत्र्यानंतरही दोन दशके याच कायद्यावर येथला गाडा चालला. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांचे वेगवेगळे कायदे मोडून राज्याने 1965 चा एकच अधिनियम केला. तो 1967 पासून अमलात आला आणि आजही तोच आधार आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने (1993) पालिकांना घटनेत स्थान मिळाले, मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक झाले आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. 2011 मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्यावर आले. मोताळा व संग्रामपूर येथील ग्रामपंचायती अलीकडे नगरपंचायती झाल्या. त्यांची सदस्यसंख्या प्रत्येकी 17 असते.

नगराध्यक्ष : या पदाइतका खेळखंडोबा पालिकेच्या कायद्यात दुसऱ्या कशाचा झालेला नाही. 2001 च्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडला गेला. 2006 मध्ये ही पद्धत गुंडाळून नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवड सुरू झाली. 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा सदस्यांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. मुंबईत सरकार बदलले की शेगाव-चिखलीच्या नगराध्यक्षाची जन्मपद्धत बदलते. दोन्हींचे तोटे लोकांनी पाहिले आहेत. सदस्यांतून निवड झाली की मते फुटू नयेत म्हणून नगरसेवकांच्या सहली निघतात. थेट निवड झाली की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे त्रांगडे होऊन ठराव अडतात.

कारभार : पालिकेची दोन चाके आहेत. एक सभागृह, म्हणजे नगराध्यक्ष, निवडून आलेले नगरसेवक आणि काही स्वीकृत सदस्य. दुसरे प्रशासन, त्याचा प्रमुख मुख्याधिकारी. तो राज्य सेवेतला अधिकारी असतो आणि त्याची बदली सभागृहाच्या हातात नसते. सर्वसाधारण सभा कायद्याने निदान दोन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. त्यांचे सभापती आणि नगराध्यक्ष स्थायी समितीत असतात.

सभेचा क्रम ठरलेला असतो. आधी मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करायचे आणि निम्मा वाद तेथेच पेटतो, कारण मागच्या वेळी कोण काय बोलले यापेक्षा कारकुनाने काय लिहिले ते खरे ठरते. मग विषयपत्रिकेवरचे विषय : नाल्यांची दुरुस्ती, दिव्यांची खरेदी, एखाद्या चौकाचे नामकरण. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. अनुभवी नगरसेवक जागा राहतो तो या शेवटच्या ओळीसाठी. सभागृह रिकामे व्हायला लागलेले असते आणि खर्चाची मोठी मंजुरी नेमकी तेव्हाच वाचली जाते.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. अधिनियमाच्या कलम 308 अन्वये जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतो आणि अल्पमतातला गट पहिला अर्ज याच कलमाखाली टाकतो. रिपनच्या ठरावाला शतक उलटून किती तरी वर्षे झाली, पण जिल्ह्याच्या साहेबाचा हात पालिकेच्या खांद्यावरून पुरता निघालेला नाही.

पैसा : एके काळी पालिकेचे पोट जकातीवर भरे. खामगाव किंवा मलकापूरच्या पालिकेला गावात येणाऱ्या मालावर नाक्यावरच रोख मिळे. नगरपालिकांच्या हद्दीतील जकात 1999 मध्ये रद्द झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान आले. कर्मचाऱ्यांच्या पगाराची मदार आता मुख्यतः या अनुदानावर असते. ते लांबले की पगार लांबतो. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायची असते, पण निवडणूक जवळ असली की सभागृहाला तिची आठवण नकोशी होते. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. मार्च उजाडला की वसुली पथके फिरतात, नळजोडण्या तुटतात, गाळ्यांना सील लागते. विकासकामांचा बराचसा पैसा वित्त आयोग, नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा अशा शीर्षांखाली वरून येतो आणि कशावर खर्च करायचा हे सोबत लिहूनच येतो.

पाणी : पालिका चांगली की वाईट, याचा येथला निकष एकच : नळ किती दिवसांनी येतात. बुलढाणा शहराला पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी मिळते. या धरणाला गोडबोले पद्धतीचे स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात. खामगाव पूर्वी जनुना तलावावर होते, आता ज्ञानगंगा प्रकल्पावर आहे. चिखलीला पेनटाकळीचे, देऊळगाव राजाला खडकपूर्णेचे, मलकापूरला पूर्णेचे पाणी येते. शेगाव आणि जळगाव जामोद हा भाग खारपाणपट्ट्याच्या कडेला. विहीर खणली तरी पाणी खारट, म्हणून वान धरणाची वाहिनी. धरण भरलेले असूनही नळ आठवड्याने येतो असे अनेकदा घडते. तेव्हा दोष पावसाचा नसतो. जुनी जलवाहिनी, अपुरी साठवण टाकी आणि थकलेले वीजबिल यांचा असतो. अशा वेळी शहरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस नगराध्यक्ष नसतो, व्हॉल्व्हमन असतो. कोणत्या ले-आउटला आज पाणी आणि किती वेळ, हे त्याच्या हातातली चावी ठरवते आणि गल्लीतल्या बायका त्याच्या मोटारसायकलचा आवाज ओळखतात.

विशेष प्रश्नांची शहरे : शेगावच्या पालिकेवर भाविकांच्या गर्दीमुळे तिच्या आकाराबाहेरचा भार आहे. 1910 मध्ये संत गजानन महाराजांनी येथे समाधी घेतली. 2010 च्या समाधी-शताब्दीनिमित्त शासनाने शहरासाठी खास विकास आराखडा घेतला, रस्ते रुंदावले. मंदिर संस्थानाचा परिसर आरशासारखा आणि बाहेरची गटारे पालिकेची, ही तुलना भाविक नेहमी करतात. ती थोडी अन्यायाची आहे, कारण संस्थानाकडे सेवेकरी आहेत आणि पालिकेकडे रिक्त पदे. लोणारची पालिका छोटी, पण तिच्या हद्दीला लागून उल्कापाती सरोवर आहे. 2020 मध्ये ते रामसर यादीत गेले. गावचे सांडपाणी सरोवरात उतरू नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला वारंवार लक्ष घालावे लागले. सिंदखेड राजाला दरवर्षी 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी लोटणाऱ्या गर्दीची सोय एक लहानशी पालिका करते.

प्रशासककाळ आणि निवडणूक : जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदा 2016 च्या अखेरीस निवडून आल्या होत्या. त्यांची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि सुमारे चार वर्षे प्रशासकांनी कारभार केला. या काळात सभा नव्हत्या, विरोध नव्हता, आणि गटार तुंबले तर कुणाच्या दारात जायचे हेही लोकांना कळेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिलेल्या आदेशानंतर राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले. काही ठिकाणचे 20 डिसेंबरला झाले आणि मतमोजणी 21 डिसेंबरला. नगरपरिषदेत प्रभाग साधारणतः दोन सदस्यांचा असल्याने प्रत्येक मतदाराला तीन मते द्यायची होती : दोन नगरसेवकांसाठी, एक नगराध्यक्षासाठी.

2011 च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या सुमारे 94 हजार आणि बुलढाण्याची सुमारे 67 हजार होती. महानगरपालिकेसाठी 3 लाखांची अट आहे. त्यामुळे जिल्ह्यात अद्याप एकही महानगरपालिका नाही.