युद्धखेळ, लघुमूर्तींचे षट्कोनी पटावरील
षट्कोनी घरांत विभागलेल्या नकाशावर, छापील पुठ्ठ्याच्या सोंगट्यांऐवजी सैनिक, घोडेस्वार, तोफा, रणगाडे इत्यादींच्या लहान मूर्ती मांडून खेळावयाचा बैठा खेळ. युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विकसित झालेला नकाशावरील युद्धखेळ आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेला खेळण्यातील शिपायांचा युद्धखेळ, अशा दोन परंपरांचा त्यात संगम झालेला आहे. पहिल्या परंपरेचा भर हिशेबावर, तर दुसरीचा दर्शनावर. या दोहोंची सांगड कशी घालावयाची, हा या प्रकारातील मूळ प्रश्न होय.

इतिहास : युद्धाचे पटावर अनुकरण करण्याची कल्पना प्राचीन असून, भारतीय चतुरंगात सेनेची हत्ती, घोडा, रथ व पदाती ही चारही अंगे आढळतात [→ बुद्धिबळ]. ब्रन्सविक येथील गणितज्ञ योहान क्रिस्टियान लूटव्हिख हेलव्हिख (१७४३–१८३१) याने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या आधारे १,६१७ चौरस घरांचा पट तयार केला. घरांना निरनिराळे रंग देऊन त्याने त्यांद्वारे भूप्रदेशाचे प्रकार दर्शविले. प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ट फोन राइसव्हिट्स याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म यास उठावदार भूप्रदेशाच्या सुट्या फरश्या मांडून खेळावयाचे एक मेज सादर केले. त्याच्या मुलाने मात्र १८२४ मध्ये वेगळी वाट धरली. त्याने १ : ८,००० प्रमाणाचा कागदी नकाशा, धातूचे छोटे ठोकळे, फासे आणि पंच यांचा अवलंब केला. प्रत्येक ठोकळ्याची लांबी-रुंदी ती तुकडी प्रत्यक्षात जेवढी जमीन व्यापते, तेवढीच नकाशाच्या प्रमाणात ठेवलेली असे. ठोकळा शिपायासारखा दिसत नसला, तरी त्याने अडविलेली जागा खरी असे. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात या खेळाला मानाचे स्थान मिळाले.

दुसऱ्या परंपरेला इंग्लंडमध्ये चालना मिळाली. ब्रिटन या कारखानदाराने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची पद्धत प्रचारात आणली व असे शिपाई स्वस्त झाले. त्यांचाच उपयोग करून प्रसिद्ध कादंबरीकार हर्बर्ट जॉर्ज वेल्स (१८६६–१९४६) याने लिटल वॉर्स (१९१३) या पुस्तकात खेळाचे नियम सांगितले. पायदळाने एका खेपेस एक फूट व घोडदळाने दोन फूट सरकावे, हे अंतर दोरीने मोजावे आणि स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरच लाकडी गोळा मारून शिपाई पाडावेत, असे त्याचे स्वरूप होते. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असे वेल्सचे प्रतिपादन होते. तथापि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

नकाशावरील खेळ सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेण्याचे श्रेय अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्‌स (१९३०–२०१०) याच्याकडे जाते. त्याचा टॅक्टिक्स हा खेळ १९५४ मध्ये विक्रीस आला. १९५८ मध्ये त्याने ॲव्हलॉन हिल ही संस्था काढली व १९६१ मध्ये तिच्या खेळांत षट्कोनी घरे आली. पुढे जेम्स डनिगनसारख्या रचनाकारांनी या पद्धतीचा विस्तार केला. सुमारे अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगटीवर तुकडीचे चिन्ह, बळ व गती हे सर्व आकड्यांत छापलेले असे आणि दोन्ही पक्षांच्या बळाच्या गुणोत्तरावरून फाशाच्या साहाय्याने कोष्टकात लढतीचा निर्णय पाहिला जाई.

षट्कोनी घरांचे कार्य : चौरस घराच्या कोपऱ्यातून तिरपे सरकल्यास अंतर बाजूने सरकण्याच्या सुमारे १·४१ पट पडते. षट्कोनाच्या सहाही शेजारी घरांचे मध्य मात्र समान अंतरावर असतात. त्यामुळे सर्व दिशांची चाल जवळजवळ सारखी मोजली जाते. मूर्तींच्या खेळात याचा आणखी एक लाभ होतो. फूटपट्टीने अंतर मोजताना मूर्तीच्या पायापासून मोजावे की तळपट्टीच्या कडेपासून, असे वाद उद्भवतात. घरे मोजल्यास ते मिटतात. मोजमापाचे एकक घर हे असल्यामुळे मूर्तीचा आकार निर्णयात येत नाही. म्हणजे राइसव्हिट्सच्या ठोकळ्याचे काम येथे घर करते आणि मूर्ती केवळ ओळख पटविण्यासाठी उरते.

मूर्तींच्या वापरातील अडचणी : हा बदल विनामूल्य होत नाही. पहिली अडचण प्रमाणाची. डनिगनच्या पॅन्झरब्लिट्‌स (१९७०) या खेळात एक घर म्हणजे २५० मी. जमीन. हा खेळ १० सेंमी. रुंदीच्या घरांवर मांडला, तर जमिनीचे प्रमाण १ : २,५०० होते. रणगाड्यांच्या लघुमूर्ती सामान्यतः १ : २८५ प्रमाणात मिळतात, म्हणजे रणगाडा जमिनीच्या मानाने जवळजवळ नऊ पट मोठा दिसतो. शिवाय एक जर्मन सोंगटी म्हणजे एक प्लॅटून असल्याने, एकाच मूर्तीने अनेक रणगाडे सूचित करावे लागतात. दुसरी अडचण जागेची. मूळ घर २ सेंमी. असेल आणि ते १० सेंमी. केले, तर ६० सेंमी. लांबीचा पट ३ मी. लांब होतो आणि त्याचे क्षेत्रफळ पंचवीस पट वाढते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची अडचण माहितीची. सोंगट्यांची एकावर एक चळत रचता येते, मूर्तींची येत नाही. सोंगटीवरचे आकडे मूर्तीवर नसतात. त्यामुळे तळपट्टीला चिठ्ठी लावावी लागते किंवा प्रत्येक तुकडीची नोंद वेगळ्या कागदावर ठेवावी लागते. सोंगटी उलटी ठेवून शत्रूपासून तुकडीची ओळख लपविण्याची सोयही नाहीशी होते.

मूर्तींसाठी रचलेले खेळ : या अडचणींवर खरा तोडगा निघाला, तो मूर्ती गृहीत धरूनच नियम रचल्यामुळे. बॅटलटेक (१९८४) या कल्पित यंत्रयोद्ध्यांच्या खेळात एका घरात एकच यंत्र उभे राहते व त्याचे तोंड षट्कोनाच्या एका बाजूकडे असते. त्यामुळे चळतीचा प्रश्नच येत नाही. रिचर्ड बोर्ग याने अमेरिकन यादवी युद्धावरील बॅटल क्राय (२०००) व दुसऱ्या महायुद्धावरील मेम्वार ’४४ (२००४) या खेळांत मूर्तींच्या संख्येलाच तुकडीचे बळ मानले. मेम्वार ’४४ मध्ये सामान्यतः पायदळाच्या तुकडीत चार, रणगाड्यांच्या तीन व तोफखान्याच्या दोन मूर्ती असतात. फटका बसला की एक मूर्ती उचलावयाची. वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. येथे मूर्ती पुन्हा हिशेबाचे साधन बनते.

मूल्यमापन : सोंगटी तुकडीविषयी अधिक सांगते, मूर्ती अधिक दाखविते. सैन्यांची मांडणी, टेकडीमागील आडोसा, उघडी पडलेली बगल या गोष्टी मूर्तींमुळे एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतात. पण रेखीव देखाव्यामुळे जमिनीच्या विस्ताराविषयी चुकीचा समज होण्याचा संभवही तितकाच असतो. गावातील चार घरांमागे दडलेले दोन रणगाडे पाहणाऱ्यास वाटते, त्यापेक्षा प्रत्यक्षातील रणभूमी कितीतरी विस्तृत व रिकामी असते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासासाठी असा खेळ मांडताना पटावरील अंतर घरांत मोजावे, डोळ्यांनी नव्हे. मात्र आकड्यांच्या चळतीत सहज विसरली जाणारी एक गोष्ट मूर्ती उचलताना खेळाडूच्या हाताला जाणवते : कोष्टकातील प्रत्येक हानीमागे माणसे असतात.