महासागराची तार आणि दिवाणखान्याची तार

गायकाचा स्वर तबकडींतून उचलला जाऊन श्रोत्याच्या कानीं पडण्यापूर्वीं ज्या अनेक वाटा चालतो, त्यांपैकीं एक वाट अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारेची. घरांत ही वाट बहुधा पांच मीटरांहून लांब नसते. तथापि गेल्या पन्नास वर्षांत संगीतशौकिनांमध्यें ह्या पांच मीटरांवरून मोठा वाद माजला आहे. एका पक्षाचें म्हणणें असें, कीं तार जितकी शुद्ध, जाड आणि मौल्यवान, तितका स्वर निर्मळ. दुसरा पक्ष म्हणतो, तार ती तार. तिच्यासाठीं हजारों रुपये मोजणें म्हणजे चांदीच्या भांड्यांतून पाणी प्याल्यानें तहान अधिक भागते असें समजणें होय. गंमत अशी, कीं पहिल्या पक्षाचे बहुतेक मुद्दे एके काळीं अक्षरशः खरे होते. मात्र ते खरे ठरले ते दिवाणखान्यांत नव्हे, तर महासागराच्या तळाशीं.

ऑगस्ट १८५८ मध्यें आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड ह्यांना जोडणारी पहिली तार अटलांटिक महासागरांत पडली. १६ ऑगस्ट रोजीं व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन ह्यांस धाडण्यांत आला. संदेश शंभराच्या आंतल्या शब्दांचा. परंतु तो पलीकडे पुरा पोहोंचण्यास सुमारे १६ तास लागले. वीज इतकी चपळ, मग हा विलंब कां? समुद्रांतील तारेची रचनाच तशी असते. मध्यें तांबें, त्याभोंवतीं गटापर्चाचें वेष्टन आणि बाहेर समुद्राचें पाणी, असा तो विजेचा एक लांबच लांब सांठाच होय. एका टोंकाला दिलेला ठोका पलीकडे उमटण्यापूर्वीं हा सांठा विजेनें भरावा लागतो. त्यामुळें ठोका ठोक्यासारखा न उमटतां, संथपणें चढणाऱ्या आणि तितक्याच संथपणें ओसरणाऱ्या लाटेसारखा उमटतो.

ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन ह्या नांवानें विख्यात झाले, त्यांनीं हें सारें तार पडण्यापूर्वींच गणितानें दाखवून दिलें होतें. हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, असा त्यांचा नियम होता. लांबी दुप्पट झाली कीं विलंब चौपट. ह्यावर त्यांच्या मतें उपाय एकच: तांबें जाड व शुद्ध असावें, आणि वेष्टनही जाड असावें. कंपनीचे विद्युत्-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. त्यांनीं स्वतःच्या प्रयोगांचा हवाला देऊन हा नियम साफ अमान्य केला. टॉमसन ह्यांनीं अत्यंत क्षीण प्रवाह टिपणारें आरशाचें यंत्र तयार केलें होतें. व्हाइटहाउस ह्यांचा भर मात्र विजेच्या जोरावर होता. संदेश नीट उमटेनात, तेव्हां त्यांनीं सुमारे २००० व्होल्टचा दाब तारेवर घातला. वेष्टन आधींच सदोष होतें. त्याला हा मारा सोसला नाहीं. सप्टेंबरच्या आरंभीं तार मुकी झाली, आणि भागीदारांचा पैसा समुद्रांत बुडाला.

ह्याच काळांत टॉमसन ह्यांनीं आणखी एक शोध लावला. १८५७ मध्यें त्यांनीं बाजारांतील तांब्याच्या अनेक तारा तपासल्या. दिसावयास त्या सारख्याच. परंतु वीज वाहून नेण्याच्या त्यांच्या शक्तींत मोठी तफावत निघाली. तांब्यांत मिसळलेलें अल्पसें हीणही वाट अडवीत होतें. तेव्हांपासून तार टाकण्यापूर्वीं तांबें पारखून घेण्याची पद्धत रूढ झाली. १८६१ मध्यें ब्रिटिश असोसिएशननें रोध मोजण्याचें सर्वमान्य माप ठरविण्यासाठीं समिती नेमली. १८६६ मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें टाकलेली तार यशस्वी झाली, तिच्यांत दर सागरी मैलास ३०० पौंड तांबें होतें. १८५८ च्या तारेंत तें अवघें १०७ पौंड होतें. ह्याच जहाजानें १८७० मध्यें मुंबई ते एडन तार टाकली, आणि समुद्रमार्गानें मुंबईचा लंडनशीं संबंध जुळला.

पुढें टेलिफोनच्या तारेंतून मनुष्याचा आवाज धांवूं लागला, तेव्हां नवीच अडचण उभी राहिली. लांबच्या तारेंत उंच स्वर व खालचे स्वर सारख्या वेगानें चालत नाहींत आणि सारखे क्षीणही होत नाहींत. त्यामुळें बोलणें अस्पष्ट होतें. ऑलिव्हर हेव्हिसाइड ह्यांनीं १८८७ मध्यें ह्या विकृतीचें मर्म गणितानें उकललें. त्यावर आधारलेलीं वेटोळीं तारेंत ठराविक अंतरांवर बसविण्याची युक्ति शतकाच्या अखेरीस निघाली. तीं वेटोळीं, जाड तांबें आणि मार्गांत आवाज वाढविणाऱ्या निर्वात नळ्या ह्यांच्या साहाय्यानें जानेवारी १९१५ मध्यें न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को ह्यांच्यामध्यें संभाषण सुरू झालें.

तारेची जाडी, तांब्याची शुद्धता, वेष्टनाचा गुण, स्वरांची विकृति हे आजच्या विक्रेत्यांचे चारही मुद्दे अशा रीतीनें इतिहासानें खरे ठरविले आहेत. प्रश्न उरतो तो केवळ प्रमाणाचा. अटलांटिकची तार सुमारे २००० मैलांची. दिवाणखान्यांतील तार पांच मीटरांची. म्हणजे पहिली दुसरीच्या सहा लक्ष पटींहून अधिक लांब. टॉमसन ह्यांच्या वर्गाच्या नियमानें पाहिलें तर विलंबाचें प्रमाण सुमारे चाळीस हजार कोटींस एक इतकें पडतें. शुद्धतेची गोष्टही तशीच. वाहकतेचें आंतरराष्ट्रीय मानक १९१३ मध्यें ठरलें, आणि आज विजेच्या कामाची साधी चांगली तारही त्या मानकास उतरते. प्राणवायुविरहित म्हणून विकलें जाणारें तांबें त्याहून फार तर शेंकडा एकानें सरस असतें.

जाडीचा मुद्दा मात्र घरांतही अगदींच पोकळ नाहीं. अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेंत पांच मीटर जाऊन तितकेंच परत येण्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढें तो नगण्य असून, आवाजांतील घट एक दशांश डेसिबलहूनही कमी असते. परंतु तार शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक, म्हणजे ०.२ चौरस मिलिमीटरांची घेतली, तर हाच रोध ०.८ ओहमच्या वर जातो. मग आवाज थोडा खालावतो आणि निरनिराळ्या स्वरांचा समतोलही किंचित् ढळतो. म्हणून फार बारीक तार वाईट हें खरें. पुरेशी जाड तार घेतल्यावर किमतीनें ती अधिक चांगली होते, हें मात्र खरें नव्हे.

१९७० च्या दशकापूर्वीं बहुतेक शौकीन दिव्याला लावावयाची साधी दुपदरी तारच स्पीकरला जोडीत. त्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील नोएल ली ह्यांच्यासारख्या उद्योजकांनीं स्पीकरसाठीं खास जाड तारा विकण्यास आरंभ केला आणि एक नवाच व्यापार उदयास आला. १९८३ मध्यें अमेरिकेतील ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकानें कोणती तार लावली आहे हें न सांगतां श्रोत्यांची परीक्षा घेतली. अगदीं बारीक तार कांहीं ध्वनींत ओळखूं आली. परंतु दिव्याची पुरेशी जाड साधी तार आणि महागडी तार ह्यांतील भेद संगीत ऐकून सांगतां आला नाहीं. २००७ मध्यें जेम्स रँडी ह्यांनीं ७,२५० डॉलर किमतीची तार केवळ कानानें ओळखून दाखविणाऱ्यास दहा लक्ष डॉलर देऊं केले. पत्रव्यवहार पुष्कळ झाला. परीक्षा झालीच नाहीं.

ज्यांना महाग तारेनें स्वर खुललेला वाटतो, ते खोटें बोलतात असें नव्हे. आवाज किंचित् मोठा झाला तरी तो कानाला अधिक गोड लागतो. आणि ज्यावर द्रव्य खर्चिलें, त्यांत गुण दिसावा ही मनाची सहजप्रवृत्ति आहे. व्हाइटहाउसही लबाड नव्हते. आपला प्रयोग, आपलें यंत्र आणि आपलाच निवाडा ह्यांवर त्यांनीं विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. आणि तेवढ्यानें एक महासागर मुका झाला. दिवाणखान्यांत हानि होते ती केवळ द्रव्याची. पण तेंच द्रव्य अधिक चांगल्या स्पीकरावर, खोलींतील प्रतिध्वनि आवरणाऱ्या जाड पडद्यांवर किंवा नव्या तबकड्यांवर खर्चिलें, तर फरक डोळे मिटूनही ऐकूं येतो. तारेची खरी पारख कानानेंच करावी. मात्र ती करतांना डोळ्यांना किंमत दिसूं देऊं नये.